खंडवहीतले पूर्वज : डब्लिन ते स्ट्रोक्सटाउन

आयर्लंडमधल्या घराण्याचा माग काढायचा तर पूर्वजाच्या नावाआधी त्याची जागा कळावी लागते. केली, मर्फी, बर्न, कॉनर ही आडनावे गावोगाव आहेत आणि पॅट्रिक, मायकल, मेरी, ब्रिजेट ही नावे घरोघर. त्यात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवायची जुनी रीत. एका आजोबांना पाच मुलगे असले की त्या पाचही घरांतला थोरला नातू एकाच नावाचा आणि एकाच आडनावाचा निघतो. अशा नातवांना एकमेकांपासून वेगळे करते ते त्यांचे टाउनलँड. टाउनलँड म्हणजे स्वतःचे नाव असलेला जमिनीचा सर्वांत लहान घटक. काही टाउनलँड काही एकरांची, तर काही हजारभर एकरांची असतात. साऱ्या बेटावर अशी ६०,००० हून अधिक टाउनलँड आहेत. अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातून आलेले बहुतेक वंशज ‘रॉसकॉमन काउंटी’ एवढ्याच पत्त्यावर निघतात. तेवढ्यावर काहीही सापडत नाही.

टाउनलँड कळले की पुढचा प्रश्न येतो, ते कोणाच्या इस्टेटीत होते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयर्लंडमध्ये जमीन कसणाऱ्याच्या मालकीची क्वचितच असे. वर जमीनदार, त्याच्याकडून मोठा पट्टा घेतलेला मध्यस्थ, त्याच्याखाली कूळ, कुळाखाली पोटकूळ आणि सगळ्यांत तळाशी बटाटा लावण्यापुरता वाफा हंगामाच्या बोलीवर घेणारा मजूर, अशी ही उतरंड होती. कुळांची नावे टिकली ती जमीनदाराच्या दफ्तरात. पण या वह्या लिहिल्या गेल्या त्या खंड वसूल व्हावा म्हणून, कोणाच्या पणतवंडाला वंशावळ मिळावी म्हणून नव्हे. म्हणूनच त्यांत पूर्वज भेटतो तो देणेकरी म्हणून, आणि जो देणेकरी होण्याइतकाही मोठा नव्हता तो बहुधा भेटतच नाही.

शोधाची सुरुवात सहसा डब्लिनमध्येच होते. लिफी नदीच्या उत्तर काठावर हिरवट घुमटाची फोर कोर्ट्स ही न्यायालयांची इमारत आहे. तिच्याच आवारात सरकारी दफ्तरखाना होता. यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, ३० जून १९२२ रोजी, स्फोट आणि आग यांत तो नष्ट झाला. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद, शतकानुशतकांची मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या अनेक पॅरिशच्या नोंदवह्या त्या दिवशी गेल्या. मात्र ‘आयर्लंडचे सगळे कागद जळाले’ असे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांचे मूळ कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी गेले. सगळे आगीच्या माथी मारणे सोयीचे, एवढेच. १९०१ आणि १९११ च्या जनगणना संपूर्ण शाबूत आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने एक आभासी दफ्तरखाना खुला झाला. जळालेल्या कागदांच्या जगभर विखुरलेल्या नकला आणि उतारे त्यात एकत्र केले आहेत.

या दोन जनगणना शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की एक गंमत दिसते. १९०१ मध्ये ५६ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७१ चा झालेला असतो. याचे कारण १९०८ चा वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा. पेन्शनसाठी वय ७० पूर्ण हवे होते आणि सरकारी जन्मनोंदणी तर १८६४ मध्ये सुरू झालेली. मग वयाचा पुरावा म्हणून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्या घराची नोंद शोधून द्यावी, असे अर्ज लोक करू लागले. मूळ वह्या पुढे जळाल्या, पण अर्जांवर उतरवून दिलेले त्यांतले तपशील उरले. आईबापांची नावे, टाउनलँड, भावंडे असे सगळे एखाद्या म्हातारीच्या पेन्शनच्या अर्जावर मिळते. बड्या घराण्यांच्या कागदांत जे सापडत नाही ते असे अनपेक्षित ठिकाणी हाती लागते.

किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात उंच घुमटाखाली गोलाकार वाचनालय आहे आणि टेबलांवर हिरव्या शेडचे दिवे आहेत. कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म पाहायला पूर्वी इथेच यावे लागे. २०१५ पासून त्या घरबसल्या मोफत पाहता येतात, १८८० च्या आसपासपर्यंतच्या. मात्र मोफत याचा अर्थ सोपे असा नाही. नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये आहेत, जेम्सचा ‘जाकोबुस’ झालेला आहे, शाई उडालेली आहे आणि घाईत लिहिणाऱ्या पाद्र्याचे अक्षर लागता लागत नाही. पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशमध्ये या वह्या मुळात सुरूच उशिरा झाल्या, अनेक ठिकाणी १८२० नंतर. त्याच्या मागे जायचे तर जमिनीच्या कागदांखेरीज दुसरा आधार नाही.

जमिनीच्या कागदांत सर्वांत प्रसिद्ध आहे ती रिचर्ड ग्रिफिथ याच्या देखरेखीखाली झालेली मूल्यांकन पाहणी, १८४७ ते १८६४ या काळात छापलेली. कर बसवण्यासाठी केलेल्या या पाहणीत प्रत्येक टाउनलँडमधल्या प्रत्येक घराचा आणि शेताचा कब्जेदार, त्याला जमीन देणारा, क्षेत्रफळ आणि वार्षिक मूल्य दिले आहे. सातबारा वाचणाऱ्याला हे रकाने चटकन समजतील. फरक इतकाच की इथे कब्जेदाराच्या शेजारी ज्याचे नाव आहे तो नेहमीच खरा मालक नसतो, मधला पट्टेदारही असू शकतो. एकाच टाउनलँडमध्ये दोन जॉन बर्न असले तर पाहणी करणाऱ्याने एकाच्या पुढे कंसात बापाचे नाव घातलेले असते, आणि त्या एका कंसातून एक पिढी मागे जाता येते. ग्रिफिथच्या आधीची पायरी म्हणजे १८२३ ते १८३७ मधल्या टाइद वह्या. प्रॉटेस्टंट चर्चसाठी कॅथलिक शेतकऱ्यांकडूनही वसूल होणाऱ्या दशांश कराची ती नोंद आहे. या दोन पाहण्यांच्या मधे १८४५ मध्ये बटाट्याच्या करप्याने सुरू झालेला महादुष्काळ येतो. टाइद वहीत असलेले आणि ग्रिफिथमध्ये नसलेले कुटुंब मेले, उठवले गेले की जहाजावर चढले, याचे उत्तर मिळाले तर इस्टेटीच्या दफ्तरातच मिळते.

हे दफ्तर कुठे असेल हे मात्र नशिबावर आहे. १९२० ते १९२३ च्या धामधुमीत जमीनदारांचे अडीचशेहून अधिक वाडे जाळले गेले आणि त्यांबरोबर वह्याही. काही घराण्यांनी कागद इंग्लंडला नेले, काही वकिलांच्या माळ्यावर पडून राहिले, काही राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा बेलफास्टच्या अभिलेखागारात पोहोचले. जे मिळते त्यात खंडवह्या, थकबाकीच्या याद्या, मोजणीचे रंगीत नकाशे, कारभाऱ्याची पत्रे आणि कुळांचे अर्ज असतात. वंशावळीच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे ‘तीन आयुष्यांचा पट्टा’. या पट्ट्यात नाव दिलेल्या तीन माणसांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत तो चाले. साहजिकच कूळ आपल्या लहान मुलांची नावे आणि वये त्यात घालून घेई. पण असा पट्टा खात्यापित्या कुळालाच मिळे. बाकीचे जमीनदाराच्या मर्जीवर कसत आणि त्यांना कागद नसेच. पश्चिमेत तर कितीतरी गावे सामाईक कसली जात, आणि खंडवहीत तेव्हा ‘अमुक आणि भागीदार’ एवढेच लिहिलेले असते. त्या भागीदारांत वीस घरे असली तरी नाव एकाचेच.

या सगळ्याचा अर्थ एका जागी पाहायचा असेल तर रॉसकॉमन काउंटीतल्या स्ट्रोक्सटाउनला जावे. डब्लिनच्या कॉनली स्थानकावरून स्लायगोला जाणारी गाडी लाँगफर्डला उतरवते. तिथून रस्त्याने तार्मनबॅरीला शॅनन नदी ओलांडली की कॉनाट प्रांत सुरू होतो आणि थोड्याच वेळात स्ट्रोक्सटाउन येते. रेल्वेच्या या प्रवासात मेनूथपासून मलिंगारपर्यंत रॉयल कॅनॉल हा कालवा बहुतेक वेळ खिडकीबाहेर सोबत असतो. संथ काळे पाणी, दगडी कमानीचे पूल, लॉकची लाकडी दारे आणि काठाने घोड्यांनी नावा ओढण्यासाठी केलेली वाट. रेल्वे कंपनीने कालवा विकत घेऊन त्याच्याच कडेने रूळ टाकले. पहिला टप्पा एनफील्डपर्यंत सुरू झाला तो १८४७ च्या जूनअखेर. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मे महिन्यात, स्ट्रोक्सटाउनची १,४९० माणसे त्या वाटेने उलट दिशेला, डब्लिनकडे, पायी गेली होती.

स्ट्रोक्सटाउनचा मुख्य रस्ता पाहून बाहेरचा माणूस चकित होतो. इतक्या लहान गावाला इतका रुंद रस्ता कशाला? व्हिएन्नाच्या राजरस्त्यावर मात करायची म्हणून तो एवढा केला, अशी आख्यायिका आहे. रस्त्याच्या टोकाला तीन कमानींचे गॉथिक धाटणीचे फाटक आहे आणि त्यामागे स्ट्रोक्सटाउन पार्क हा महॉन घराण्याचा वाडा. गावाची मांडणीच अशी की बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येकाची नजर त्या फाटकावर जावी. महॉनांना ही जमीन सतराव्या शतकात, क्रॉमवेलच्या स्वारीनंतरच्या उलथापालथीत मिळाली. सध्याचा वाडा मुख्यतः १७३० च्या दशकातला. त्याचे श्रेय रिचर्ड कासेल्स या जर्मन वंशाच्या वास्तुविशारदाला दिले जाते. मधे मुख्य इमारत, दोन्ही अंगांना वळणदार भिंतींनी जोडलेले पंख. एका पंखात घोड्यांच्या पागा आहेत, कमानदार छताच्या आणि खांबांच्या, बेटावरच्या बहुतेक माणसांच्या घरांहून कितीतरी देखण्या. दुसऱ्या पंखात स्वयंपाकघर.

ते स्वयंपाकघर नीट पाहण्यासारखे आहे. चुली, भट्ट्या आणि कपाटांच्या वर भिंतीलगत लाकडी सज्जा फिरतो. मालकीणबाई खाली न उतरता सज्ज्यातून देखरेख करीत, आणि आठवड्याच्या जेवणाची यादी तिथूनच खाली टाकत असे सांगितले जाते. स्वयंपाकघरापासून पागांच्या बाजूला जाणारे भुयारही आहे, राबणारी माणसे पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून. वंशज इथे येतात ते बहुधा भव्य जिना आणि दिवाणखाना पाहायला. त्यांच्या पूर्वजांपैकी कोणी वाड्यात आलेच असेल तर ते या भुयारातून, किंवा खंड भरायला कचेरीच्या दारापर्यंत.

१८०० मध्ये मॉरिस महॉन हा बॅरन हार्टलंड झाला. तिसरा बॅरन वेडा ठरल्याने इस्टेट कोर्टाच्या देखरेखीखाली गेली, कारभार सैल पडला, जमिनीचे तुकडे पडत गेले, थकबाकी साचली. १८४५ मध्ये तो वारला आणि अकरा हजारांहून अधिक एकरांची कर्जबाजारी मालमत्ता मेजर डेनिस महॉन याच्याकडे आली. त्याच वर्षी बटाट्यावर करपा आला. १८४६ मध्ये पीक जवळजवळ सगळेच गेले. त्या ऑगस्टमध्ये क्लूनाही या टाउनलँडच्या कुळांनी महॉनला अर्ज केला. उपासमारीतही त्याची भाषा अदबीची आहे, आणि तरीही त्यात एक दटावणी आहे, की काम किंवा अन्न मिळाले नाही तर आम्ही काय करू याचा भरवसा देता येणार नाही. आयर्लंडसाठी कलकत्त्याहून आणि मुंबईहूनही वर्गणी गेली होती. पण अशा मदतीने भागावे असा तो प्रसंग नव्हता, आणि सरकारने तर खर्चाचा भार शक्य तितका स्थानिक जमीनदारांवर ढकलला होता.

इथे कायद्याचे एक कलम निर्णायक ठरले. चार पौंडांपेक्षा कमी मूल्याच्या जमिनीवरचा गरीब-कर कुळाने नव्हे तर जमीनदाराने भरायचा होता. म्हणजे जितकी गरीब कुळे जास्त तितका बोजा जास्त. इस्टेटीचा कारभारी जॉन रॉस महॉन याने हिशोब मांडला. या माणसांना वर्षभर पोसण्यापेक्षा त्यांना जहाजाने कॅनडाला धाडणे स्वस्त पडते. सुमारे ४,००० पौंड खर्चून १,४९० जणांची रवानगी ठरली. वाटेतून कोणी परत फिरू नये म्हणून इस्टेटीचा बेलिफ बरोबर दिला. डब्लिनहून आगबोटीच्या उघड्या डेकवरून लिव्हरपूल, आणि तिथून व्हर्जिनियस, नेओमी, एरिन्स क्वीन आणि जॉन मन या चार जहाजांतून क्वेबेक. २८ मे १८४७ रोजी निघालेल्या व्हर्जिनियसवर ४७६ प्रवासी होते. सेंट लॉरेन्स नदीतल्या ग्रोस इल या विलगीकरण बेटाला जहाज लागले तेव्हा त्यांतले १५८ वाटेतच मेलेले होते आणि उरलेल्यांतले शंभराहून अधिक तापाने फणफणत होते. इतर तीन जहाजांवरही मृत्यूंचे प्रमाण मोठे होते.

२ नोव्हेंबर १८४७ च्या संध्याकाळी रॉसकॉमनहून घरी परतताना डेनिस महॉनवर गोळ्या झाडल्या गेल्या. जमीनदाराचा खून म्हणून लंडनच्या पार्लमेंटपर्यंत खळबळ उडाली. दोघांना फाशी झाली आणि इस्टेटीतून कुळे उठवणे अधिकच जोरात चालले. या भागातले कॅथलिक बिशप ब्राउन यांनी बेदखल झालेल्या कुटुंबांची टाउनलँडवार यादी प्रसिद्ध केली. तीत ३,००६ माणसे होती. जमीनदाराच्या बाजूच्यांनी ती यादी खोडून काढण्याचा प्रयत्न केला. बाजू कोणाचीही खरी असो, पूर्वज शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही यादी मोलाची, कारण तीत कुटुंबप्रमुखांची नावे आहेत. तळाची माणसे कागदावर येतात ती अशीच, गाव सोडताना.

१८४१ ते १८५१ या दहा वर्षांत रॉसकॉमनची लोकसंख्या तीस टक्क्यांहून अधिक घटली. पुढे १९०३ च्या कायद्याने आणि त्यामागोमागच्या व्यवहारांनी कुळे जमिनीची मालक झाली. वाडा मात्र डेनिसच्या मुलीच्या वंशाकडे, म्हणजे पाकेनहॅम महॉनांकडे, १९७९ पर्यंत राहिला. त्या वर्षी तो घेतला गावातल्या गॅरेजवाल्याने, जिम कॅलरीने. त्याला धंदा वाढवायला थोडी जागा हवी होती, पण जुन्या कचेरीतले कागद चाळताना क्लूनाहीचा तो अर्ज त्याच्या हाती आला आणि बेत बदलला. ५०,००० हून अधिक कागदांचा तो ठेवा शेकोटीत गेला नाही, लिलावातही गेला नाही. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी त्या पागांमध्ये राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालयाचे उद्घाटन केले. वाड्याचे झुंबर आणि उपाशी कुळांचा अर्ज एकाच आवारात ठेवले गेले. अनेक वाड्यांत फक्त झुंबरे दाखवतात, त्या मानाने हे फार मोठे काम आहे. आवारात काचेच्या स्मारकावर १,४९० जणांची नावे आहेत. याच घराण्याचे आणखी पुष्कळ कागद डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, तेव्हा पूर्ण शोधासाठी दोन्हीकडे जावे लागते.

टाउनलँड प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर तिथे काय दिसते? पुष्कळदा काहीच नाही, आणि ते नसणे नकाशांवरून मोजता येते. १८३० च्या दशकातल्या सहा इंची सर्वेक्षण नकाशावर जिथे काळ्या ठिपक्यांसारखी घरांची दाटी आहे, तिथे शतकाअखेरच्या नकाशावर मोकळे कुरण आहे. प्रत्यक्ष कुरणात उतरत्या उन्हात गवताखाली समांतर वरंबे दिसतात, बटाट्याच्या जुन्या वाफ्यांचे. मेंढ्या त्यांवरून चरत असतात.

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांच्यासाठी स्ट्रोक्सटाउन ते डब्लिन हा १६५ किलोमीटरचा ‘नॅशनल फॅमिन वे’ आहे, २०१९ पासून. क्लूनडारा इथे कालवा शॅननला मिळतो, तिथून पुढे बहुतेक वाट काठाकाठानेच जाते. स्ट्रोक्सटाउनजवळच्या एका झोपडीच्या छपरात लहान मुलाचे जुने जोडे सापडले होते. त्यांच्या कांस्य प्रतिकृती वाटेवर तीसहून अधिक ठिकाणी बसवल्या आहेत. वाट संपते लिफीच्या धक्क्यावर, रोवन गिलेस्पी यांच्या दुष्काळ-शिल्पाजवळ. तिथून हाकेच्या अंतरावर स्थलांतराचे संग्रहालय आणि वंशावळी शोधून देणारे केंद्र आहे. त्यापुढचा शोध समुद्रापलीकडचा. ग्रोस इलवर पुरलेल्या पाच हजारांहून अधिक जणांची नावे कॅनडा सरकारच्या नोंदींत आहेत. अनाथ झालेली मुले क्वेबेकमधल्या फ्रेंच भाषक घरांत वाढली, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी आपले आयरिश आडनाव टिकवले. आज क्वेबेकमध्ये फक्त फ्रेंच बोलणारे रायन आणि केली आहेत, ते असे.

स्ट्रोक्सटाउनला जाणाऱ्याने आपल्या देशातली कागदपत्रे आधी पाहावीत. थडग्यावरचा मजकूर, लग्नाची चर्चमधली नोंद, नागरिकत्वाचा अर्ज, मृत्यूची वर्तमानपत्रातली बातमी यांत टाउनलँडचे नाव, स्पेलिंग कितीही बिघडलेले असले तरी, असण्याची शक्यता आयर्लंडमधल्या कोणत्याही वहीपेक्षा जास्त आहे. ते नाव हाती नसेल तर तिकीट काढण्याची घाई करू नये.